न्यायला आलेली

लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. हा मान भावाचा. पण आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. आणि आप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून ते सोप्यात बसून होते. तेव्हा चंदनताईला आणायला राजमती आत्यानं जायचं ठरलं, आणि सोबतीला मी.

दुष्काळातली संक्रांत होती ती, यंदाचीच, त्र्याहत्तर सालची. मी सांगलीला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ताई लग्न होऊन कोकणात गेलेली. शांतिनाथ दाजींची खारवणे बंदरावर हळदीची आणि गुळाची वखार होती. आदल्या साली ताईचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच पोटात गेलं. बंदरावर ना धड दवाखाना, ना डॉक्टर. आता पुन्हा सातवा लागला होता आणि आईनं जेवण सोडल्यासारखं केलं होतं. "या खेपेला पोरगी माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे," एवढंच ती म्हणायची. निघताना तिनं ताईसाठी घेतलेली हिरवी इरकल साडी आत्याच्या हातात दिली. पदराच्या टोकाला तिनं स्वतः पिवळ्या दोऱ्यानं एक हळकुंड बांधलं होतं.

"ओटी निघतानाच भरा हं, वन्सं. बोटीत पाय टाकायच्या आधी."

"व्हय गं. मला का ठावं न्हाई?" आत्या म्हणाली.

आत्या आटपाडीला दिलेली. तिकडं विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या, पण तिच्या आवाजाला कधी कोरड पडली नाही. एस. टी.त शेजारी बसलेल्या प्रत्येकाचं गाव, कूळ, किती मुलं, सगळं तिनं विचारून घेतलं. मलकापूरला गाडी पंक्चर झाली, तिथं आमचे दोन-तीन तास गेले. पुढं घाटात एका वळणावर मी किंचाळून तिचा दंड धरला, तेव्हा सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

"कॉलेजात काय घाबरायलाच शिकवत्यात व्हय गं, त्रिशे?" आत्यानं विचारलं. कंडक्टरसुद्धा हसला.

घाट उतरून खाडीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बंदरापर्यंत गाडीरस्ता नाही. दाजींनी आमच्यासाठी त्यांचा स्वतःचा मचवा पाठवला होता. एक शीड, मागं सुकाणू, मध्ये बसायला फळ्या. मचवा हाकणारा धाकू तांडेल दाजींच्या वखारीचा जुना माणूस. त्याच्यासोबत त्याचा भाऊ, तो मुका होता.

"लय उशीर केलाव," धाकू म्हणाला. "ओहोटी लागलीय. चला, बसा."

मी आयुष्यात कृष्णेच्या नावेपलीकडं काही पाहिलेलं नव्हतं. इथं दोन्ही बाजूंना काळपट झाडी, मुळं चिखलातून वर आलेली, जणू कुणी बोटं रोवून उभं आहे. पाण्याला वास होता. कुजलेल्या पानांचा, माशांचा, ओल्या दोरखंडाचा. जसजसे आम्ही समुद्राकडं सरकत गेलो तसतसे काठ लांब गेले आणि आवाज कमी होत गेले. शेवटी फक्त शिडाचा फडफडाट आणि मचव्याच्या पोटाखाली पाण्याचं चुबुक-चुबुक एवढंच उरलं.

आत्यानं सूर्याकडं पाहिलं. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. बंदर गाठेपर्यंत अंधार पडणार हे उघड होतं. तिनं गाठोडं सोडलं. दशम्या, शेंगांची चटणी, गुळाच्या पोळ्या. गाळलेल्या पाण्याचा तांब्या मांडीशी घेतला. धाकूला आणि त्याच्या भावाला विचारलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

तेवढ्यात मला ती होडी दिसली.

खाडीच्या मुखाशी, सूर्याच्या खालीच, एक लहान होडी उभी होती. तिच्यात एक बाई बसलेली. आमच्याकडं पाठ करून. डोक्यावर पदर. हातात वल्हं नव्हतं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. शेतात असो, स्टँडवर असो, भाकरी सोडली आणि नजरेच्या टप्प्यात कुणी माणूस दिसलं, की हाक मारल्याशिवाय घास तोंडात जात नाही. समोरचाही "जेवा, जेवा" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. आत्यानंही तेच केलं. तोंडाशी हात धरून, आटपाडीच्या माळावर मारावी तशी खणखणीत हाक मारली.

"या ऽ ऽ बाई, जेवायला ऽ ऽ!"

धाकूच्या हातातला दोर सुटला. शीड एकदम सैल पडलं.

"कुनाला... कुनाला बोलवताव तुमी?"

"आवं, त्या बाईला की. तिथं, होडीत."

धाकूनं तिकडं पाहिलंच नाही. पायाशी बघत राहिला. त्याचा भाऊ दोन्ही हात कानांवर ठेवून खाली वाकला.

"खाडीत कुनाला हाक मारत नाय, बाय," धाकू हळू म्हणाला. "ते जेवण पाण्यात सोडा. सगळं. आनि म्हणा, जेवून झालं."

"अन्न पाण्यात टाकू?" आत्या उसळली. "तिकडं लोकं दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडी खात्यात अन् मी दशम्या पाण्यात टाकू? आन् त्यावर मासं गोळा व्हायचं... न्हाई जमायचं."

"आत्या, टाक ना गं..." मी म्हटलं.

"गप जेव तू. दिवस बुडतोय."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. दर घासाला डोळे वर जायचे. होडी हलत नव्हती, पण दर वेळी जवळ असायची. पाठ तशीच आमच्याकडं. मी मनातल्या मनात णमोकार म्हणत होते आणि मध्येच विसरत होते.

सूर्याची कड पाण्याला टेकली तेव्हा आत्यानं गाठोडं बांधलं. एक दशमी मात्र तिनं फडक्यात घालून मचव्याच्या काठावर ठेवली.

"हाक मारलीय न्हवं," ती म्हणाली. तिचाही आवाज आता खाली आला होता. "तिचा वाटा ठेवला पाहिजे."

बंदराचे दिवे दिसले तेव्हा मी मागं पाहिलं. होडी नव्हती. दशमीही नव्हती. फडकं तिथंच होतं, पिळून ठेवल्यासारखं ओलं.

"बगळ्यानं नेली असंल," आत्या म्हणाली.

धक्क्यावर दाजी कंदील घेऊन उभे होते आणि शेजारी ताई. आमची ताई! थोडी सुजलेली, गालांवर वांग आलेली, हसणारी. मी इतकी रडले की तीच माझी समजूत घालायला लागली. ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं आत्यानं मला डोळ्यानंच बजावलं. आणि घरी गेल्यावर सासूबाईंचं बोलणं, ताईच्या बाळंतविड्याची चर्चा, वखारीतून येणारा ओळखीचा हळदीचा वास... या सगळ्यात मला वाटायला लागलं, खरंच बगळा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर परत निघायचं होतं. धुकं इतकं दाट की धक्क्यावरून मचव्याचं टोक दिसेना. आत्याचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आधीच मचव्यात बसली होती. मांडीवर ती हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ. ताईची शाल घरी राहिली होती, ती आणायला ताई आणि दाजी परत फिरले. मी आत्याजवळ बसले.

थोड्या वेळानं मचवा डावीकडं कलला. ताई आली. डोक्यावरून पदर घेतलेला, अंगाभोवती शाल की काय ते धुक्यात कळलं नाही. ती सरळ पुढं गेली आणि टोकाशी पाठमोरी बसली. बाळंतीण व्हायला निघालेली बाई, माहेराकडं तोंड करून बसली असेल, मला वाटलं.

"आल्या न्हवं सगळ्या?" धाकूनं मागून विचारलं.

"आल्या. सोडा," आत्या म्हणाली.

दाजी नंतर येणार होते. ते निरोप द्यायलाही थांबले नाहीत याचं मला नवल वाटलं. पण धाकूला भरती गाठायची होती. त्यानं दोर सोडला.

"अगं चंदे, ओटी राहिली की!" आत्या म्हणाली. "तुझ्या आईनं काय सांगितलं हुतं! बरं, हितंच भरते. फिर इकडं."

ती फिरली नाही.

"आणि खाल्लंस का काही? उपाशी निघालीस तर उलट्या हुतील."

"भूक नाही," ती म्हणाली. आवाज ताईचाच. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. "काल तू ठेवलेली दशमी खाल्ली की, आत्या."

आत्याचा हात नारळावर थांबला.

मी तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिच्या साडीच्या काठातून पाणी ठिबकत होतं. फळीवरून ओघळून माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. तिचा एक हात मचव्याच्या काठावर होता. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली... दिवसभर धुणं धुणाऱ्या बायकांची होतात तशी. आणि जराशी बाजूला वळताना तिचं पोट दिसलं. ताईला सातवा होता. हिचे दिवस भरलेले होते.

आणि त्याच वेळी मागून, धुक्यातून, धक्क्यावरून दाजींची हाक आली.

"अहो धाकूऽऽ! कुणाला घेऊन चाललात? ही इथंच आहे की!"

त्यामागोमाग ताईचा आवाज, हसरा, लाडीक. "आत्याऽऽ! मला सोडूनच निघालीस व्हय गंऽऽ?"

एरवी उंदीर दिसला तरी ओरडणारी मी, दोन्ही हातांनी फळी धरून बसले. मला फक्त एवढंच कळत होतं की आम्ही ताईला न्यायला आलो होतो आणि ताईच्या जागी दुसरं कुणीतरी बसलं आहे. ते उतरलं नाही तर ताईला या मचव्यात जागा नाही.

धाकूनं सुकाणू सोडून हात जोडले होते.

आत्या उठली. गुडघे धरत, डगमगत, दोन फळ्या ओलांडून पुढं गेली. मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला. ती त्या बाईच्या मागं बसली. तिचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते.

"बाई..." ती म्हणाली. "तुझं गाव मला ठावं न्हाई. तुला न्यायला कुणी आलं न्हाई का गं...?"

ती पाठमोरी बाई हळूहळू मान हलवत राहिली. नाही. नाही. नाही.

"मग ही ओटी घे. आमच्या चंदेची हुती. आजपासनं आमचं घर तुझं म्हायेर समज. पण आता आमच्या पोरीला जागा दे, बाई... तिचं पहिलं गेलंय. एवढं हे पदरात पडू दे."

तिनं साडी, खण, नारळ, तांदूळ, सगळं पुढं केलं. त्या ओल्या हातांनी पदर पसरला. तांदूळ पडल्याचा आवाज मला आला. ओल्या कापडावर पडावेत तसा.

मग मचवा एकदम वर उचलला गेला, मोठं वजन उतरल्यासारखा. मी फळीवरून खाली पडले. उठून पाहिलं तर टोकाशी कुणी नव्हतं. पाण्यावर एकही लाट नव्हती.

मुका भाऊ रडत होता. धाकूनं मचवा वळवला.

"वीस वर्सं होतील," तो म्हणाला. आमच्याकडं न बघता, पाण्याकडं बोलल्यासारखा. "बंदरातलीच सून. दिवस भरत आले, तरी म्हायेरचा कुनी न्यायला आला नाय. एक दिस स्वताच होडी सोडली नि निघाली. होडी गावली. ती गावली नाय. तवापासनं आमी खाडीत कुनाला बोलवत नाय. ती कुनाच्या तरी हाकेची वाट बघत बसते." सुकाणू सरळ करत तो म्हणाला, "तुमी तिला जेवू घातलाव. ओटी भरलाव. आनि वर म्हायेर दिलाव..."

"मग? वाईट केलं व्हय मी?" आत्यानं विचारलं.

धाकू धक्क्यावर दोर फेकायला उठला.

धक्क्यावर ताई शाल गुंडाळून उभी होती. आत्यानं दाजींना धुक्याचं निमित्त सांगितलं. ऊन पडल्यावर, भर दुपारी निघालो. वाटेत मी ताईचा हात एकदाही सोडला नाही. तो कोरडा होता, गरम होता, आणि त्यावरची मेंदी मी पुन्हा पुन्हा पाहत होते.

साडीचं आईला आत्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक. आई त्यावर पुन्हा बोलली नाही.

चैत्रात ताई सांगलीच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आईनं त्या दिवशी पोटभर जेवण केलं. आप्पांच्या डोळ्यावरची पट्टी निघालेली होती, त्यांनी नातीला अगदी नाकाशी धरून पाहिलं. मला वाटलं, संपलं. आत्यानं जे दिलं त्याच्या बदल्यात हे मिळालं.

बारशाला ऊन नुसतं पेटलेलं होतं. कृष्णेची धार बारीक झालेली, नळ दिवसाआड, तोही करंगळीएवढा. दिवस मावळायच्या आत पंगत उठवायची म्हणून आम्ही दुपार कलताच पानं मांडली. बसायच्या आधी आत्या सवयीनं दाराशी गेली, गल्लीकडं तोंड केलं, तोंड उघडलं... आणि ओठ गच्च मिटून परत आली. खाडीतनं आल्यापासून तिनं कुणाला जेवायला हाक मारली नव्हती.

बायका जेवल्या, पाळणा झाला, सगळ्या घुगऱ्या घेऊन गेल्या. मी पाट उचलायला लागले. शेवटचा पाट भिंतीकडचा. तिथं मी पान वाढून ठेवलं होतं, पण कुणीच बसलं नव्हतं. ते पान चाटूनपुसून जेवलेलं होतं.

पाट ओलाचिंब होता. ज्या घरात हात धुवायला तांब्याभर पाणी मोजून देत होतो, तिथं पाटाखाली डबकं साचलं होतं. फरशीवरून ओल आतल्या खोलीकडं गेली होती. कडेनं वाळली होती तिथं पांढरी रेघ उठलेली. मिठाची.

मी धावत आत गेले.

ताई खाटेवर बसली होती, बाळाला मांडीवर घेऊन. बाळ हिरव्या इरकल साडीत गुंडाळलेलं होतं. साडीवर पांढरे, खरबरीत ओघळ. पदराच्या टोकाला पिवळा दोरा होता आणि त्यात भिजून फुगलेलं हळकुंड.

"ताई... ही साडी...?"

"आत्याच्या त्या ओळखीच्या बाई आल्या होत्या ना," ताई म्हणाली. ताईला आम्ही खाडीतलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. "तू पंगतीत वाढत होतीस. बाळाला कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसल्या. हात मात्र इतके गार होते गं त्यांचे, बाळ रडेल असं वाटलं. पण ते हसलं उलट."

मागं आत्या येऊन उभी राहिली होती. तिनं दाराची चौकट धरली.

"काय... काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, मला कुणी न्यायला आलं नव्हतं, आत्यांनी माझं माहेर केलं. आता माझीही रीत मी करीन." ताईनं बाळाच्या अंगावरचा पदर सारखा केला. "म्हणाल्या, लेकीला आणि बाळाला परत धाडायचं ठरवाल तेव्हा कुणाला सोबत शोधू नका. न्यायला मीच येईन."

ताई सासरी गेलीच नाही. दाजींनी वखार विकली आणि सांगलीत हळदीचा बाजार धरला; का, ते त्यांना आम्ही कधी पुरतं सांगितलं नाही. ती साडी आत्यानं कृष्णेत सोडली.

बाळ आता रांगतं. दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो, की ते पंगतीतनं निघून दाराशी जातं. उंबऱ्याशी बसतं, वर बघतं आणि दोन्ही हात वर करतं. वाकून उचलून घेणाऱ्या माणसाकडं मुलं करतात तसे.